हजरत अस्मा बिन्त अबू बकर (रजि.) : आजोबांचा हात धरणारी नात

आपल्या घरांत अस्मा हे नाव मोठ्या प्रेमाने ठेवले जाते. मकतबात जाणाऱ्या लहान मुलालाही हजरत अस्मा (रजि.) यांची एक गोष्ट ठाऊक असते. हिजरतीच्या वेळी शिदोरीचे तोंड बांधायला दोरी मिळेना, तेव्हा त्यांनी आपल्या कमरपट्ट्याचे दोन भाग केले आणि त्यावरून त्यांना ‘जातुन् निताकैन’, म्हणजे दोन कमरपट्टेवाली, ही उपाधी मिळाली. गोष्ट खरी आहे आणि सुंदरही आहे. पण तिचा गोडवा असा की आपण तिथेच थांबतो. त्या कमरपट्ट्यानंतर हजरत अस्मा (रजि.) सत्तर वर्षे जगल्या, हे फारसे कोणी सांगत नाही. त्या सत्तर वर्षांत त्यांनी आपल्या घरातली म्हातारपणे पाहिली आणि शेवटी स्वतःचे म्हातारपणही दीर्घकाळ भोगले. या लेखात त्यांच्या जीवनाची ती बाजू मांडण्याचा प्रयत्न आहे.

हजरत अस्मा (रजि.) यांचा जन्म हिजरतीच्या सुमारे 27 वर्षे आधी मक्केत झाला. वडील हजरत अबू बकर सिद्दीक (रजि.) हे कापडाचे सचोटीचे व्यापारी. आई कुतैला बिन्त अब्दुल उज्जा. इस्लामपूर्व काळातच आई-वडील विभक्त झाले होते. हजरत आयशा (रजि.) या अस्मा (रजि.) यांच्या सावत्र, धाकट्या भगिनी. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे आवाहन ज्यांनी अगदी प्रारंभी स्वीकारले त्यांत हजरत अस्मा (रजि.) यांची गणना होते. चरित्रकार इब्ने इसहाक यांच्या नोंदीनुसार त्यांच्यापूर्वी केवळ सतरा माणसे इस्लाममध्ये आली होती.

या घरात एक वृद्ध गृहस्थ होते, हजरत अबू बकर (रजि.) यांचे वडील. त्यांचे नाव उस्मान, पण इतिहास त्यांना अबू कुहाफा या नावाने ओळखतो. त्यांची दृष्टी गेली होती आणि त्यांनी अद्याप इस्लाम स्वीकारलेला नव्हता. मुलगा नव्या धर्मासाठी पाण्यासारखा पैसा खर्च करीत आहे, याचा त्यांना मनस्ताप होता. हजरत अबू बकर (रजि.) छळ सोसणाऱ्या दुर्बल गुलामांना विकत घेऊन मुक्त करीत. मुक्तच करायचे तर धडधाकट माणसे कर, निदान संकटात तुझ्या पाठीशी उभी राहतील, असे अबू कुहाफा यांनी त्यांना एकदा सुचवलेही होते. व्यवहारी बापाचा हा सल्ला होता. मुलाचे गणित वेगळे होते, आणि ते वडिलांना समजावणे सोपे नव्हते.

इसवी सन 622 मध्ये हिजरतीची ती रात्र आली. प्रेषित (स.) आणि हजरत अबू बकर (रजि.) सौर पर्वतातील गुहेत तीन रात्री थांबले. मागे घरात राहिल्या त्या स्त्रिया आणि मुले. दुसऱ्याच दिवशी कुरैशचे लोक दारात आले. वडील कुठे आहेत, या प्रश्नाला अस्मा (रजि.) यांनी दाद दिली नाही, तेव्हा अबू जहलने त्यांच्या तोंडावर अशी चपराक मारली की कानातला दागिना निखळून पडला. त्या वेळी त्या विवाहित होत्या.

हे लोक निघून गेल्यावर अबू कुहाफा घरी आले. मुलगा गेला हे त्यांना कळले होते, आणि सोबत सगळी रोकडही घेऊन गेला असणार, असा त्यांचा कयास होता. हा कयास अचूक होता. पाच-सहा हजार दिरहम होते तेवढे हजरत अबू बकर (रजि.) यांनी प्रवासात प्रेषितांच्या (स.) कामी यावेत म्हणून बरोबर नेले होते. स्वतः गेला तो गेला, घरच्यांनाही उघड्यावर टाकून गेला, अशी म्हाताऱ्याची व्यथा होती.

आता नातीने काय केले ते पाहा. घराच्या भिंतीत एक कोनाडा होता. वडील आपले पैसे त्यात ठेवीत. अस्मा (रजि.) यांनी काही दगड आणून त्यात रचले, वरून कापड पसरले, आजोबांचा हात धरला आणि तो हात त्या कापडावर ठेवला. वडिलांनी आमच्यासाठी पुष्कळ काही मागे ठेवले आहे, असे त्यांनी आजोबांना सांगितले. आजोबांनी चाचपून पाहिले. त्यांचा जीव भांड्यात पडला. एवढे ठेवून गेला असेल तर मग हरकत नाही, असे समाधान व्यक्त करून ते शांत झाले.

ही घटना आपल्यापर्यंत पोहोचली ती स्वतः हजरत अस्मा (रजि.) यांच्याच तोंडून. त्यांचे नातू अब्बाद यांनी ती आजीकडून ऐकली आणि पुढे आपल्या मुलाला सांगितली. सांगताना त्यांनी काहीही लपवले नाही. वडिलांनी घरात एक दिरहमही ठेवला नव्हता, मला फक्त त्या वृद्ध माणसाचे मन शांत करायचे होते, हे त्यांनी स्पष्ट केले आहे.

मदरशात हा प्रसंग शिकत असताना आमच्यापैकी एकाने शंका काढली होती, की ही फसवणूक नव्हे काय? विद्यार्थ्याने अशी शंका काढावीच. उलेमांनी अशा बोलण्याचा विचार बारकाईने केला आहे, आणि दोन अर्थी बोलणे कुठे चालते, कुठे चालत नाही, याची चर्चा फिकहच्या ग्रंथांत आहे. तिच्या खोलात मी इथे जात नाही. परंतु पुढे इमाम म्हणून लोकांच्या घरी जाऊ लागलो, तेव्हा या प्रसंगातली दुसरीच गोष्ट माझ्या ध्यानात आली. अबू कुहाफा यांची काळजी पैशाची होती, ईमानच्या दृष्टीने ती खालच्या दर्जाची होती. अस्मा (रजि.) यांचा अल्लाहवर पूर्ण भरवसा होता. त्यांना आजोबांना तवक्कुलवर एक प्रवचन देता आले असते. त्यांनी प्रवचन दिले नाही. ज्याचे डोळे गेले आहेत त्याला हाताने कळते, हे ओळखून त्यांनी त्यांचा हात धरला. आपल्याकडे वृद्ध वडील जमिनीच्या कागदांबद्दल, बँकेच्या पासबुकाबद्दल चौथ्यांदा विचारतात, तेव्हा मुलगा म्हणतो की अब्बा, तुम्ही त्यात लक्ष घालू नका. पासबुक त्यांच्या हातात द्यायला कितीसा वेळ लागतो?

याच मुलीच्या गालावर अबू जहलच्या हाताचे वळ उठले होते. आजोबा आले तेव्हा ते पुसले गेले होते की नव्हते, हे इतिहास सांगत नाही. आजोबांना तर ते दिसणारच नव्हते.

त्यानंतर हजरत अस्मा (रजि.) यांनी स्वतः हिजरत केली. दिवस भरत आले होते, तशा अवस्थेत त्या निघाल्या आणि कुबा येथे त्यांना मुलगा झाला. मदीनेत मुहाजिरांच्या घरी जन्मलेले हे पहिले मूल. प्रेषितांनी (स.) खजूर चावून त्याच्या तोंडाला लावला, त्याच्यासाठी दुआ केली आणि अब्दुल्लाह हे नाव ठेवले. या नावाकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

पती हजरत जुबैर बिन अव्वाम (रजि.) हे प्रेषितांच्या (स.) आत्याचे पुत्र, मोठे योद्धे, पण त्या काळी घरात एक घोडा आणि पाणी वाहणारा एक उंट एवढीच संपत्ती होती. घोड्याला चारा घालणे, पाणी भरणे, फाटलेली चामड्याची मोट शिवणे, कणीक मळणे, ही सगळी कामे अस्मा (रजि.) करीत. भाकरी मात्र त्यांना नीट जमत नसे. शेजारच्या अन्सारी स्त्रिया त्यांच्या भाकऱ्या भाजून देत, आणि त्या बायका फार भल्या होत्या, हे त्यांनी आवर्जून सांगितले आहे. जुबैर (रजि.) यांच्या जमिनीवरून, तीन-साडेतीन किलोमीटर अंतरावरून, खजुराच्या बियांचा भारा त्या डोक्यावर घेऊन येत. पुढे हजरत अबू बकर (रजि.) यांनी घोड्याची निगा राखायला एक सेवक पाठवला, तेव्हा आपली जणू गुलामीतून सुटका झाली असे त्यांना वाटले. श्रीमंत बापाची मुलगी होती, पण ही सगळी कष्टाची कामे त्या करीत राहिल्या.

हिजरी सन 6 मध्ये हुदैबियाचा तह झाला आणि मक्का-मदीना मार्ग काही काळ मोकळा झाला. तेव्हा एक दिवस अस्मा (रजि.) यांच्या दारात एक स्त्री येऊन उभी राहिली. ती त्यांची आई होती.

कुतैला यांनी इस्लाम स्वीकारला नव्हता. मुलीसाठी तूप आणि खाण्याच्या काही वस्तू घेऊन त्या आल्या होत्या. एवढ्या वर्षांनी, एवढ्या लांबून. आणि मुलगी थबकली. काही कथनांत असे आहे की त्यांनी आईची भेटवस्तू घेतली नाही आणि तिला लगेच घरातही घेतले नाही, आधी प्रेषितांना (स.) विचारणा केली. वाचताना हे कठोर वाटते. पण ज्या शहराच्या लोकांनी आपल्याला देशोधडीला लावले, ज्यांच्याशी बद्र, उहुद आणि खंदक झाले, त्या शहरातून, त्यांच्याच धर्माची व्यक्ती आलेली आहे आणि ती आपली जन्मदात्री आहे. अशा वेळी अंतःकरणाची जी ओढाताण होईल ती आपण घरात बसून मापू नये. त्यांनी आईला परत पाठवले नाही, आणि आपल्या मनाने निर्णयही केला नाही.

बुखारी आणि मुस्लिम यांच्या हदीससंग्रहांत त्यांचा प्रश्न नोंदवलेला आहे. माझी आई आली आहे, ती अनेकेश्वरवादी आहे, मी तिच्याशी नाते जोडून राहू का, असा त्याचा आशय. त्यात आईसाठी त्यांनी ‘रागिबा’ हा शब्द वापरला आहे, आणि भाष्यकारांनी त्यावर बराच विचार केला आहे. या शब्दाचा अर्थ आस असलेली, काही इच्छिणारी असा होतो, आणि विमुख असाही होतो. म्हणजे आई मुलीच्या मायेची आस धरून आली होती, की इस्लामपासून विमुख असूनही आली होती? मला वाटते, दारात उभ्या राहिलेल्या त्या स्त्रीबाबत दोन्ही अर्थ खरे होते.

उत्तर स्पष्ट मिळाले. होय, आपल्या आईशी नाते जोडून राहा. कुरआनच्या सूरह मुम्तहिनाची आठवी आयत, जिच्यात धर्मावरून तुमच्याशी न लढणाऱ्या आणि तुम्हाला घराबाहेर न काढणाऱ्या लोकांशी सद्व्यवहार व न्याय करण्यास मज्जाव नसल्याचे सांगितले आहे, ती याच प्रसंगी अवतरली, असेही अनेक विद्वानांनी नोंदवले आहे. एका मुलीच्या उंबरठ्यावर निर्माण झालेला प्रश्न असा सर्व काळासाठी सुटला. आपल्या महाराष्ट्रातही अशी घरे आहेत, जिथे मुलाने किंवा मुलीने इस्लाम स्वीकारला आणि आई-वडील आपल्या धर्मावर राहिले. ते वृद्ध झाल्यावर त्यांची औषधे, त्यांचे पथ्य, दवाखान्यातली रात्र, हे सर्व कोणी करायचे, असे मला विचारले गेले आहे. प्रत्येक वेळी मला ही तूप घेऊन आलेली माता आठवते. त्यांच्या धर्मात सहभागी व्हायचे नाही, ही मर्यादा सूरह लुकमानने आखून दिलेलीच आहे. पण त्याच ठिकाणी सांगितले आहे की या जगात त्यांच्याशी भलेपणाने राहावे.

अबू कुहाफा यांचे पुढे काय झाले, तेही इथेच सांगून टाकतो, कारण तीही हकीकत अस्मा (रजि.) यांच्याकडूनच आली आहे. हिजरी सन 8 च्या रमजानमध्ये, म्हणजे जानेवारी 630 मध्ये, मुस्लिमांचे सैन्य मक्केजवळ आले. अंध अबू कुहाफा यांनी आपल्या सर्वात धाकट्या मुलीला सांगितले, की मला अबू कुबैसच्या टेकडीवर घेऊन चल. वर गेल्यावर ते तिला विचारू लागले, काय दिसते? तिने सांगितले, एक काळा समूह दिसतो आहे. ते घोडदळ आहे, असे ते म्हणाले. एक माणूस त्याच्यापुढे इकडून तिकडे फिरतो आहे, असे तिने सांगितले. तो सैन्याची रांग लावणारा आहे, हेही त्यांनी ओळखले. मग तो समूह पसरल्याचे मुलीने सांगताच, घोडे सुटले, आता मला लवकर घरी ने, असे ते म्हणाले. मुलीच्या डोळ्यांनी बाप पाहत होता, आणि बापाच्या अनुभवाने मुलीला अर्थ कळत होता. पण घरी पोहोचण्याआधीच घोडेस्वारांनी त्यांना गाठले आणि त्या गडबडीत मुलीच्या गळ्यातला चांदीचा हार कोणीतरी हिसकावून घेतला.

हजरत अबू बकर (रजि.) वडिलांना हाताला धरून प्रेषितांच्या (स.) सेवेत घेऊन आले. विजयाचा दिवस होता, मक्का पायाशी होती. त्या दिवशी प्रेषितांनी (स.) पहिली गोष्ट ही बोलून दाखवली, की या वृद्ध गृहस्थांना घरीच का राहू दिले नाही, मीच त्यांच्याकडे गेलो असतो. मग त्यांना समोर बसवले, छातीवरून हात फिरवला, आणि अबू कुहाफा यांनी इस्लाम स्वीकारला. डोके पांढऱ्या फुलांसारखे पांढरेशुभ्र झाले होते, ते रंगवावे, पण काळ्या रंगाने नको, असे प्रेषितांनी (स.) सुचवले. वृद्धाच्या केसांकडेही लक्ष जाते, ही माया साधी नाही. हजरत अबू बकर (रजि.) यांनी बहिणीच्या हाराबद्दल सर्वांना आवाहन केले. कोणी पुढे आले नाही. तेव्हा त्यांनी बहिणीला तो हार अल्लाहच्या हिशेबी सोडून देण्यास सांगितले.

हजरत अबू बकर (रजि.) यांचे निधन हिजरी सन 13 मध्ये झाले तेव्हा हे पिता हयात होते. मुलाच्या वारशातील बापाचा सहावा हिस्सा त्यांच्या वाट्याला आला, आणि तो त्यांनी मुलाच्या लेकरांना परत करून टाकला, असे नोंदवले आहे. एके काळी कोनाडा चाचपणारे हात ते हेच. पुढच्याच वर्षी, 97 वर्षांचे होऊन, त्यांनी मक्केत देह ठेवला.

यानंतर हजरत अस्मा (रजि.) यांच्या स्वतःच्या उतारवयाकडे वळू. जुबैर (रजि.) यांच्यापासून त्या विभक्त झाल्या आणि थोरले पुत्र अब्दुल्लाह (रजि.) यांच्याकडे राहू लागल्या. या तुटलेल्या संसाराबद्दल वेगवेगळी कथने आहेत. त्यांत शिरण्याचे कारण नाही. हिजरी सन 36 मध्ये जुबैर (रजि.) शहीद झाले. अस्मा (रजि.) मात्र आणखी चार दशके जगल्या. दृष्टी गेली. पण चरित्रकार सांगतात की अखेरपर्यंत त्यांचा दात पडला नाही आणि बुद्धी ढळली नाही.

म्हातारपणी त्या घरातील एका कोपऱ्यात बसून राहिल्या, असे चित्र कोणी मनात आणू नये. तापाने फणफणलेल्या स्त्रियांना त्यांच्याकडे आणले जाई, त्या पाणी मागवीत, दुआ करीत आणि आजारी बाईच्या गळ्याशी कपड्याच्या आत ते पाणी सोडीत, कारण ताप पाण्याने थंड करण्याची शिकवण त्यांनी प्रेषितांकडून (स.) घेतली होती. हजरत आयशा (रजि.) यांच्या निधनानंतर प्रेषितांचा (स.) एक जुब्बा त्यांच्याकडे आला होता; तो धुऊन ते पाणी रुग्णांना आरोग्याच्या आशेने दिले जाई. स्वतः आजारी पडल्या की गुलाम मुक्त करीत. डोके दुखू लागले तर डोक्यावर हात ठेवून म्हणत, की हे माझ्या चुकांमुळे, आणि अल्लाह माफ करतो ते तर याहून कितीतरी अधिक. मुलींना आणि घरच्यांना त्यांचा आग्रह असे, की दान करा, शिल्लक उरेल तेव्हा देऊ असे म्हणून थांबू नका. आई आणि मावशी यांच्याइतक्या उदार स्त्रिया आपण पाहिल्या नाहीत, असे अब्दुल्लाह (रजि.) सांगत. मावशी आयशा (रजि.) साठवीत आणि मग वाटीत, आई मात्र उद्यासाठी काही ठेवीतच नसे.

या सगळ्या गोष्टी आपल्याला कुठून कळल्या? बहुतेक घरातूनच. पुत्र उर्वा, जे पुढे मदीनेच्या सात महान फकीहांपैकी एक झाले; नातू अब्बाद; आणि विशेषतः नात फातिमा बिन्त मुन्जिर. तापाची ती हदीस या नातीनेच आजीकडून घेतली. आजीजवळ बसणाऱ्या एका मुलीमुळे दीनचा एक भाग जतन झाला. आज आपल्या घरांत आजी असते आणि नातवंडेही असतात, पण दोघांच्या मध्ये मोबाईल असतो.

पुत्र मुन्जिर यांची एक हकीकत आहे. ते इराकहून आले आणि आईसाठी मर्वचे तलम, उंची कापड घेऊन आले. तेव्हा आईला दिसत नव्हते. त्यांनी हाताने स्पर्श करून पाहिले आणि ते परत करायला सांगितले. मुन्जिर यांना वाईट वाटले. हे पारदर्शक नाही, असे त्यांनी समजावले. पारदर्शक नसेल, पण अंगाची ठेवण दाखवते, असे उत्तर आले. यावर आपला मुलगा रुसून बसला असता, की एवढे महाग आणले आणि आईला कौतुक नाही. मुन्जिर यांनी दुसरे, साधे जाड कापड आणून दिले. ते आईने आनंदाने घेतले. आंधळ्या वृद्धेला काय कळते, असे त्या घरात कोणी म्हणत नव्हते. काय नेसायचे हे ती स्वतःच ठरवीत होती.

हजच्या वेळी मुज्दलिफात त्यांनी रात्री नमाज पढायला सुरुवात केली. थोड्या वेळाने सोबतच्या सेवकाला विचारले, की चंद्र मावळला का? नाही, असे कळले, तेव्हा पुन्हा नमाजला उभ्या राहिल्या. चंद्र मावळल्याचे कळताच निघाल्या, जमरात खडे मारले आणि मुक्कामी येऊन फजरची नमाज पढल्या. आपण फार लवकर तर निघालो नाही, अशी शंका सेवकाला आली. त्यावर प्रेषितांनी (स.) स्त्रियांना ही सवलत दिली आहे, असे त्यांनी सांगितले. दुर्बलांसाठी दीनने दिलेली सवलत संकोच न करता घ्यायची, आणि मिळालेल्या वेळात इबादतही सोडायची नाही.

आता शेवटचे वर्ष. हिजरी सन 73, इसवी सन 692. हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांनी मक्केत खिलाफत स्थापन केली होती आणि उमवी सेनापती हज्जाज बिन यूसुफ याने शहराला वेढा घातला होता. अबू कुबैसच्या टेकडीवर, जिथे एके काळी अंध अबू कुहाफा आपल्या मुलीला घेऊन उभे राहिले होते, तिथे आता दगडफेकीची यंत्रे लागली होती. वेढा सहा महिन्यांहून अधिक चालला. हजारो सोबती अभय घेऊन निघून गेले. अब्दुल्लाह (रजि.) यांचे स्वतःचे दोन मुलगे, हमजा आणि खुबैब, हेही हज्जाजकडे गेले.

अब्दुल्लाह (रजि.) आईकडे आले. वय सत्तरीच्या पुढे, आई सुमारे शंभर वर्षांची. सर्व सोडून गेले, मुलेही गेली, शत्रू म्हणतो की हवे ते देऊ, आता तुमचे मत काय, असे त्यांनी विचारले. मला हा क्षण फार मोठा वाटतो. ज्याला दोन दशकांचा राजकारणाचा अनुभव आहे तो पुरुष आपल्या अंध, जराजर्जर आईला सल्ला विचारतो आहे. आईने उत्तर दिले ते असे. तू स्वतःला माझ्याहून अधिक ओळखतोस. तू सत्यावर आहेस अशी तुझी खात्री असेल, तर चालत राहा. तुझे सोबती त्याचसाठी प्राणाला मुकले. आणि तुला केवळ दुनिया हवी होती, तर तू स्वतःचाही नाश केलास आणि त्यांचाही. मृत्यूनंतर माझ्या देहाची विटंबना होईल, अशी भीती त्यांनी बोलून दाखवली. जबह झालेल्या बकरीला कातडे सोलण्याचे दुःख होत नसते, असे आईने समजावले.

मग आईने त्यांना जवळ घेतले. हाताला चिलखत लागले. हे कशाला, असे त्यांनी विचारले. तुम्हाला धीर वाटावा म्हणून घातले, असे मुलाने सांगितले. मला याने धीर येत नाही, असे आई म्हणाल्या, आणि अब्दुल्लाह (रजि.) यांनी चिलखत उतरवून ठेवले. त्यानंतर आईने जी दुआ केली तिच्यात तीन गोष्टी होत्या. या मुलाचे लांब रात्रीचे कियाम, मक्का-मदीनेच्या भर उन्हातले रोजे, आणि त्याने आपल्या बापाची आणि माझी केलेली सेवा. हे सर्व अल्लाहपुढे ठेवून त्यांनी मुलाला अल्लाहच्या हवाली केले. खलीफा असलेल्या मुलाच्या शौर्याचा किंवा राज्याचा त्यात उल्लेख नव्हता.

अब्दुल्लाह (रजि.) शहीद झाले. हज्जाजने त्यांचा देह मक्केत टांगून ठेवला आणि मातेला बोलावणे धाडले. त्या गेल्या नाहीत. केसांना धरून ओढून आणवीन, अशी धमकी आली. तरीही गेल्या नाहीत. शेवटी तोच आला आणि आपण काय केले ते पाहिले ना, असे त्याने विचारले. तू त्याची दुनिया बिघडवलीस आणि त्याने तुझी आखिरत, असे त्यांनी त्याला सुनावले. दोन कमरपट्टेवालीचा मुलगा म्हणून तो अब्दुल्लाह (रजि.) यांना हिणवीत असे. त्या दोन पट्ट्यांचा उगम कोणत्या रात्रीचा आहे, हेही त्यांनी त्याला सांगितले. सकीफ कबिल्यात एक महाखोटारडा आणि एक संहारक निघेल, हे प्रेषितांकडून (स.) ऐकलेले भाकीत ऐकवून त्या म्हणाल्या, की खोटारडा आम्ही पाहिला आहे, आणि संहारक तूच असावास. हज्जाज काही न बोलता उठून गेला.

हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) त्यांचे सांत्वन करायला आले. हे देह काहीच नव्हेत, आत्मे अल्लाहजवळ आहेत, सब्र करा, असे त्यांनी विनवले. सब्र का करू नये, असा उलट प्रश्न मातेने केला. हजरत यह्या बिन जकरिया (अलै.) यांचे मस्तक तर एका वेश्येला भेट म्हणून दिले गेले होते.

मुलाचा देह हाती येईपर्यंत मला मृत्यू देऊ नकोस, अशी त्यांची दुआ होती. देह मिळाल्याची वार्ता आली तेव्हा त्यांनी पाणी मागवले आणि गुसल देण्यास सांगितले. इतके दिवस टांगलेला तो देह जागीच सुटत होता. एकेक अवयव धुऊन कफनात ठेवावा लागला. मातेने जनाजाची नमाज पढली. त्यानंतर एक आठवडाही त्या जगल्या नाहीत.

आपल्या अखेरच्या सेवेबाबत त्यांनी घरच्यांना सूचना देऊन ठेवल्या होत्या. माझ्या कपड्यांना धुरी द्या, अंगाला सुगंध लावा, पण कफनावर तो भुरभुरवू नका, आणि माझ्या जनाजामागून आग घेऊन येऊ नका. घरच्यांनी तसेच केले असणार.